वस्तूचा धर्म आणि धन्याचा अधिकार

मनुष्यानें एखादी वस्तु पैसे देऊन विकत घेतली, म्हणजे ती सर्वस्वीं त्याची झाली, असा आपला नित्याचा समज आहे. विकणारा पैसे मोजून घेतो, पावती देतो, आणि त्या क्षणापासून त्याचा त्या वस्तूशीं संबंध संपतो. पुढें तिचें काय करावें हें घेणाराच्या मर्जीवर राहतें. तांब्या घेतला तर त्यांत पाणी भरावें, तुळशीचें रोप लावावें, कीं तो फोडून टाकावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न; शेजाऱ्यानें त्यांत बोलण्याचें कारण नाहीं. रोमन कायद्याच्या अभ्यासकांनीं धन्याच्या अधिकाराचे तीन भाग सांगितले आहेत: वस्तु वापरणें, तिचें फळ घेणें, आणि वाटल्यास ती नाहींशी करणें. या तिहींत एक चौथा प्रकार स्पष्टपणें आलेला दिसत नाहीं, आणि आजच्या यंत्रयुगांत तर तोच पदोपदीं घडत असतो. तो प्रकार म्हणजे वस्तु बदलणें. वस्तु मोडावयाची नाहीं, आणि मिळाली तशी वापरावयाचीहि नाहीं. तिला नवें अंग जोडून, तिच्या कर्त्याच्या मनांतहि नव्हतें असें काम तिच्याकडून करून घ्यावयाचें. हा अधिकार धन्यास आहे काय, आणि असल्यास कोठपर्यंत आहे, याचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रश्न तात्त्विक खरा. परंतु माझ्यापुढें तो आला तो एका लोखंडी दांड्याच्या रूपानें. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत पिंपळनेर हें बाजाराचें मोठें गांव आहे. 1880 सालीं निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत तालुक्याचें नांवच पिंपळनेर असें आहे. पुढें तो मान साक्रीकडे गेला. पांझरा नदी याच टापूंत उगम पावते. दक्षिणेस शेलबारीची खिंड ओलांडली कीं बागलाण लागतें. मांगी आणि तुंगी हीं जोडशिखरें दिसूं लागतात, आणि त्यांच्या पश्चिमेस 1567 मीटर उंचीचा साल्हेरचा किल्ला उभा आहे. अशा प्रदेशांत ज्याच्या पायांत बळ आहे त्यास सायकल घेऊन बाहेर पडावेंसें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. मोटारींत बसून चढलेला घाट डोळ्यांस दिसतो. सायकलीवर चढलेला घाट मांड्यांस आणि छातीस कळतो.

या गांवांतील एका शेतकरी कुटुंबाशीं माझा जुना घरोबा आहे. घरचा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. त्यानें हल्लीं एक, ज्यांना स्पोर्टी म्हणतात त्यांपैकीं, मोटार घेतली: बुटकी, रुंद, जमिनीला लगटून जाणारी आणि वळणावर न डगमगणारी. त्याला व त्याच्या पत्नीला दुसरा नाद सायकलींचा. सुटींत गांवीं येतांना दोन्ही सायकली बरोबर आणाव्या, शेलबारीचा चढ चढावा आणि बागलाणांत उतरावें, असा त्यांचा बेत. मोटारींत तर दोन माणसें आणि त्यांचें सामान एवढ्यानेंच जागा भरते. म्हणून मोटारीच्या पाठीस टो-बार बसवावयाचें त्यानें ठरविलें. टो-बार म्हणजे ओढदांडा. मोटारीच्या चासीस तो खालून बोल्टांनीं जखडतात. त्याच्या टोकाशीं लोखंडाचा गोळा असतो, आणि युरोपांत या गोळ्याचा व्यास 50 मिलिमीटर असा ठरलेला आहे. मागें जोडलेली दुसरी गाडी ओढणें हें त्याचें मूळ काम. अलीकडे त्याच गोळ्यावर एक चौकट घट्ट बसवून तिच्यावर सायकली उभ्या करण्याची रीति पडली आहे.

या बेतावरून घरांत वाद झाला आणि तीन मतें पडलीं. मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांस तो दांडा पाहवेना. एवढी देखणी गाडी, आणि तिच्या पाठीस हें लोखंडाचें शेपूट! शर्यतीचा बैल कोणी नांगराला जुंपतो काय, असें ते म्हणाले. मुलाचें उत्तर ठरलेलें होतें: "नाना, गाडी माझ्या पैशांची आहे. तिला काय लावायचें तें मी ठरवीन." आजोबांनीं, म्हणजे आप्पांनीं, उभें आयुष्य बैलगाडी हांकण्यांत घालविलेलें. ते एवढेंच बोलले: "बाळा, ओझें चाकाच्या मागें टांगशील तर गाडी उलाळ होईल." पहिलें मत शोभेचें, दुसरें हक्काचें आणि तिसरें भाराचें. घरांत वजन पहिल्या दोहोंनाच होतें. तिसरें हें म्हाताऱ्याचें बोलणें म्हणून बाजूस पडलें. माझ्या मतें मात्र प्रश्नाची किल्ली त्या तिसऱ्या मतांतच आहे. तेथवर पोहोंचण्यासाठीं आधीं पहिलीं दोन मतें तपासून पाहिलीं पाहिजेत.

नानांच्या बोलण्याच्या मुळाशीं एक जुना आणि आदरणीय विचार आहे. तो असा कीं, प्रत्येक वस्तूस तिचा धर्म असतो, आणि धर्माबाहेरचें काम तिच्याकडून घेणें हा तिचा अपमान होय. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या पहिल्या भागांत सॉक्रेटिस हाच विचार मांडतो. द्राक्षाची वेल कट्यारीनेंहि छाटतां येईल. परंतु त्या कामासाठीं घडविलेल्या कोयत्यानें ती जशी छाटली जाते, तशी दुसऱ्या कशानेंहि छाटली जात नाहीं. जें काम एखादी वस्तूच करूं शकते, किंवा इतरांहून उत्तम करते, तें तिचें खरें काम. आपल्याकडे हीच गोष्ट स्वधर्माच्या भाषेंत बोलली जाते. 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. स्वधर्म हा शोधून आणावा लागत नाहीं, तो मनुष्यास जन्माबरोबरच प्राप्त होतो, असें त्यांत विवेचन आहे. मनुष्याविषयीं हें खरें, तर ज्या वस्तूस स्वतःची इच्छाच नाहीं तिच्याविषयीं तें अधिकच खरें असलें पाहिजे, असें कोणासहि वाटेल.

तथापि येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. मनुष्याचा धर्म कोणी दुसऱ्या मनुष्यानें त्यास नेमून दिलेला नसतो; वस्तूचा धर्म मात्र मनुष्यानेंच नेमिलेला असतो. जो एका मनुष्यानें नेमिला तो दुसऱ्यास पालटतां येऊं नये, असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं. आपल्या घरांतील निम्मा संसार अशा पालटलेल्या धर्माच्या वस्तूंवरच चालतो. फाटलेल्या लुगड्याची गोधडी होते, आणि त्यांत लुगड्याचा अपमान झाला असें आजवर कोणत्याहि आजीस वाटलेलें नाहीं. घरोघरीं इस्त्री नव्हती तेव्हां पितळेच्या तांब्यांत निखारे घालून कपड्यांवरून फिरवीत. तांब्यानें त्याबद्दल तक्रार केली नाहीं. तेव्हां वस्तूस नवें काम सांगणें हें तेवढ्यानेंच निंद्य ठरत नाहीं.

शर्यतीच्या बैलाची उपमाहि येथें लागू पडत नाहीं. बैल हा जीव आहे. बैलगाडीच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं बंदी घातली. 2017 सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्यें न्यायालयानें शर्यतींस सशर्त मोकळीक दिली, आणि मे 2023 मध्यें घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. या सर्व वादांत मुख्य प्रश्न होता तो बैलाच्या यातनांचा; त्याच्या शोभेचा नव्हता. मोटारीस यातना नाहींत, म्हणून तिला अपमानहि नाहीं. अपमान होतो तो तिच्याकडे पाहणाऱ्या नानांच्या मनांत, कारण गांवांत मुलाची मोटार ही त्यांच्या प्रतिष्ठेची खूण झालेली आहे. शिवाय ओझें वाहण्यांत हीनपणा आहे, हें खानदेशच्या शेतकऱ्यानें तरी म्हणूं नये. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं बैलाच्या खांद्यास हळद आणि तूप चोळून तो शेकतात. वर्षभर जूं वाहणारा जो खांदा, त्याचाच त्या दिवशीं मान. ज्या समाजानें ओझ्याच्या खांद्यास हळद लावली, त्यास एका लोखंडी दांड्याची लाज वाटावी, ही गोष्ट थोडी विपरीतच आहे.

आतां मुलाचें मत. गाडी माझी आहे, म्हणून मला वाटेल तें मी करीन, या म्हणण्यास आपल्या काळांत फार मोठें बळ आलें आहे. आणि तें सर्वथा चुकीचेंहि नाहीं. जॉन स्टुअर्ट मिलनें 1859 सालच्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथांत व्यक्तिस्वातंत्र्यास जी मर्यादा घातली ती सुशिक्षितांस परिचित आहे: ज्या वर्तनाचा परिणाम आपल्यापुरताच आहे त्यांत समाजानें हात घालूं नये, ज्यानें दुसऱ्यास अपाय होतो त्यांतच घालावा. या नियमाप्रमाणें तांब्याचा प्रश्न ताबडतोब सुटतो. मोटारीचा सुटत नाहीं. कारण मोटार घरांत मालकीची असली, तरी रस्त्यावर ती सामाईक होते. रस्त्यावर तिच्या पुढें, मागें आणि बाजूला जे चालतात, त्यांनीं तिच्याविषयीं कोणताहि करार केलेला नसतो. तरी तिच्या प्रत्येक बोल्टावर त्यांचा जीव अवलंबून असतो. तेव्हां मुलाच्या म्हणण्यांतील 'माझी' हा शब्द खरा आहे, पण अपुरा आहे. किती अपुरा आहे, हें समजून घेण्यासाठीं आप्पांकडे वळलें पाहिजे.

उलाळ हा शब्द शहरांतील पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेला नसेल. दोन चाकांच्या बैलगाडींत ओझें आंसाच्या मागें अधिक झालें, कीं जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. अशी गाडी उलाळ झाली असें म्हणतात. आंसाच्या पुढें ओझें अधिक झालें तर तेंच जूं मानेंत रुततें. पोतीं अशीं रचावयाचीं कीं जूं मानेवर टेकावें पण रुतूं नये, ही गाडीवानाची विद्या. चढावर पोतीं पुढें सरकवावयाचीं, उतारावर मागें, हेंहि त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. ओझें किती आहे याहून तें कोठें आहे हें अधिक महत्त्वाचें, हा या विद्येचा गाभा आहे.

मोटारीस चार चाकें असल्यामुळें ती बैलगाडीसारखी मागें कलंडत नाहीं. पण तराजूच्या नियमांतून तीहि सुटत नाहीं. उदाहरणादाखल हिशेब करूं. प्रत्येकीं 15 किलोच्या दोन सायकली आणि 20 किलोची चौकट, मिळून 50 किलो झाले. हा भार मागच्या आंसापासून सव्वा मीटर मागें टांगला आहे, आणि दोन आंसांमधील अंतर अडीच मीटर आहे, असें धरूं. तर मागच्या आंसावर 50 नव्हे, 75 किलो भार पडतो. आणि हे अधिक 25 किलो पुढच्या आंसावरून उचलले जातात. पुढचीं चाकें हींच गाडीस वळवितात. ब्रेक लावतांना गाडीचा अधिक भार त्यांच्यावरच येतो. आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाची शक्तिहि त्यांच्याच द्वारें रस्त्यास लागते. त्यांच्यावरील भार कमी करणें म्हणजे गाडीचें वळणें, थांबणें आणि चालणें हीं तिन्ही थोडथोडीं सैल करणें होय. गाडी उभी असतांनाचा हा हिशेब आहे. ती खड्ड्यांत आदळली कीं त्या दांड्यावरचा भार क्षणभर पुष्कळच वाढतो. शिवाय बुटक्या गाडीचा दांडा जमिनीपासून थोडाच उंच राहतो, आणि आपल्या गांवोगांवच्या गतिरोधकांवर तो घासल्यावांचून राहत नाहीं.

याहूनहि गंभीर गोष्ट निराळीच आहे. चौकटीवर उभ्या केलेल्या सायकली मागचे दिवे आणि नंबरपाटी झांकून टाकतात. साक्रीहून पिंपळनेरकडे येणाऱ्या रस्त्यावर रात्रीं एखादा शेतकरी दुचाकीवरून या मोटारीच्या मागें येत आहे, अशी कल्पना करावी. पुढची मोटार थांबते आहे हें त्यास सांगणारी एकच खूण, ती म्हणजे तांबडा दिवा. तो सायकलीच्या चाकाआड गेला, तर मोटारवाल्याच्या हौसेची किंमत तो शेतकरी देईल. आणि त्या हौसेंत त्याचा कांहींच वाटा नव्हता. मुलाचा 'माझी' हा शब्द येथें येऊन अडतो. गाडी त्याची, पण तांबडा दिवा मागून येणाऱ्याचा. तो मालकाच्या पैशानें बसविलेला असला, तरी मालकासाठीं बसविलेला नाहीं. गाडी हांकणाऱ्यास तो कधीं दिसतहि नाहीं.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे वस्तूच्या धर्माचा प्रश्न पुन्हा नव्यानें पाहतां येतो. यंत्र विकणारा कारखानदार लोखंड आणि रबर यांबरोबर एक वचनहि विकतो. इतक्या वेगावर इतक्या अंतरांत ही गाडी थांबेल. इतकीं माणसें आणि इतकें सामान ती वाहील. तिचे दिवे इतक्या अंतरावरून दिसतील. हें त्यानें पारखून पाहिलेलें असतें, आणि त्याच्या जोरावरच गाडीस रस्त्यावर येण्याची परवानगी मिळते. हें वचन घेणाराला दिलेलें असतें तसेंच रस्त्यावरच्या सर्वांना दिलेलें असतें. वस्तूचा धर्म म्हणून जें कांहीं आहे, तें हें वचन होय. कित्येक स्पोर्टी गाड्यांच्या बाबतींत त्यांच्या कर्त्यांनीं ओढण्याच्या भाराचें वचनच दिलेलें नसतें. जेथें तें दिलेलें असतें तेथें दांड्यावर उभा भार किती चालेल याचा आकडाहि नमूद असतो. ब्रिटनमध्यें तर 1 ऑगस्ट 1998 पासून नोंदल्या गेलेल्या प्रवासी मोटारींस मान्यता मिळालेल्या नमुन्याचाच दांडा लावावा लागतो.

आपल्या देशांतील 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम याच तत्त्वावर उभें आहे. निर्मात्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकानें वाहनांत करूं नये, असें तें सांगतें. आणि जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कोणता दांडा या कलमाखालीं येतो हें ठरविणें परिवहन अधिकाऱ्याचें काम. नीतीचा विचार करणारानें त्यामागचें तत्त्व पाहावें. तें तत्त्व असें कीं, जो वस्तूंत बदल करतो तो तिच्या कर्त्याचें वचन संपवितो, आणि त्या जागीं स्वतःचें वचन ठेवितो. तो आतां केवळ धनी राहत नाहीं. तो तिचा दुसरा कर्ता होतो. कर्तेपणाचा आनंद त्यास हवा असेल, तर कर्तेपणाची जबाबदारीहि त्यानें घेतली पाहिजे.

ही जबाबदारी न घेतां केलेल्या बदलाचें एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर पुष्कळ वर्षें होतें. मोटारींच्या तोंडाशीं जाडजूड लोखंडी कठडे बसविण्याची टूम निघाली होती. आपली गाडी सुरक्षित राहावी हा मालकाचा हेतु. परंतु गाडीचा जो भाग धडकेंत चेपून धक्का शोषून घेण्यासाठीं योजिलेला, त्याचेंच काम त्या कठड्यानें बिघडे, आणि पायीं चालणाऱ्यास होणारा अपाय अधिक भयंकर होई. डिसेंबर 2017 मध्यें केंद्रीय परिवहन मंत्रालयानें राज्यांस पत्र लिहून अशा कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितलें. कठडा बसविणाऱ्यांत दुष्ट कोणीच नव्हता. आपल्या बंपरास ओरखडा पडूं नये एवढीच प्रत्येकाची इच्छा. त्या इच्छेच्या पलीकडे कोण उभा आहे, हें पाहण्याचें मात्र पुष्कळांस सुचलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं असें कर्त्याच्या संमतीची वाट पाहत बसलों, तर नवें कांहीं घडावयाचेंच नाहीं. सगळे शोध हे कोणींतरी कोणाच्या तरी वस्तूंत केलेले आगंतुक बदलच आहेत. आक्षेप वजनदार आहे. बैलगाडीचेंच पाहा. लोखंडी धांवेच्या लांकडी चाकाच्या जागीं हवा भरलेलें रबरी चाक आलें, आणि डनलॉप गाडी हें नांव खेड्यापाड्यांत रूढ झालें. ओढणें हलकें झालें, रस्ते कमी उखडूं लागले. हा बदल झाला नसता तर बरें, असें कोण म्हणेल? परंतु पुढें काय घडलें तेंहि पाहिलें पाहिजे. उसाच्या हंगामांत कारखान्याच्या वाटेवर ज्यानें अशा गाड्या पाहिल्या आहेत, त्यास ठाऊक आहे, कीं चाकानें बैलाची वांचविलेली मेहनत धन्यानें ओझें वाढवून परत वसूल केली. उतारावर ब्रेक नसलेली ती भरगच्च गाडी बैलांच्या मानेवर येते, तेव्हां नव्या चाकाचें सुख कोणाच्या वांट्यास गेलें हें स्पष्ट दिसतें. बदल चांगला होता. बदलानंतरचा हिशेब कोणी ठेवला नाहीं, हा दोष. म्हणून आक्षेपास उत्तर हें, कीं बदल करूं नये असें मी म्हणत नाहीं. बदल करून निघून जाऊं नये, एवढेंच म्हणतों.

बदल करून तेथेंच थांबणारी माणसें पाहावयाचीं असतील तर त्यासाठीं परदेशीं जावयास नको. ज्या पांझरेच्या उगमाजवळ पिंपळनेर वसलें आहे, त्याच नदीच्या खोऱ्यांत, आणि शेजारच्या मोसम व आरम नद्यांच्या खोऱ्यांत, फड पद्धति कित्येक शतकें चालत आली आहे. नदीला आडवा बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी बाजूस वळवावयाचें, आणि लाभाखालील जमिनीचे फड पाडून एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, असें तिचें स्वरूप. नदीस बांध घालणें हा बदल कांहीं लहान नव्हे. नदी कोणा एकाची वस्तूहि नव्हे. पण ज्यांनीं तो बदल केला त्यांनीं त्याबरोबर त्याचा संसारहि अंगावर घेतला. पाटांतला गाळ लाभधारकांनीं मिळून काढावयाचा; पाणी वांटण्यास पाटकरी नेमावयाचा, आणि शेतकऱ्यानें स्वतःच्या हातानें बारें फोडावयाचें नाहीं; पाणी कमी असेल त्या वर्षीं कोणता फड भिजवावयाचा हें सर्वांनीं बसून ठरवावयाचें. हें ओझें उचललें म्हणूनच ती पद्धति टिकली. आणि जेथें तें उचलणारे हात पांगले तेथें ती मोडकळीस आली. त्या अशिक्षित शेतकऱ्यांनीं मिल वाचला नव्हता. पाणी वळविणाऱ्यानें पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत उत्तर दिलें पाहिजे, हें त्यांस ठाऊक होतें.

या विचारांतून वस्तु बदलणाऱ्यासाठीं तीन साध्या कसोट्या निघतात. पहिली, ही वस्तु नवें ओझें पेलते कीं नाहीं, हें मला खरोखर ठाऊक आहे काय. कीं मी केवळ तसें धरून चाललों आहें? दुसरी, तें ओझें चुकलें तर किंमत मी देईन, कीं ज्याला मीं विचारलेंहि नाहीं तो देईल? तिसरी, उद्यां कांहीं विपरीत घडलें, तर हें मीं केलें असें नांवानिशीं सांगण्यास मी तयार आहें काय? तिहींस होकारार्थी व प्रामाणिक उत्तर ज्याला देतां येईल, त्यानें खुशाल बदल करावा. त्यास मी कर्त्याचा मान देईन.

आमच्या तरुण मित्राचा बेत पहिल्याच कसोटीस अडला. दांडा बसवून देणाऱ्या कारागिरानें 'बसतें' असें सांगितलें होतें. पण 'पेलतें' असें कोणीच सांगितलें नव्हतें. या दोन क्रियापदांमधील अंतर त्या मुलास कळलें, तें आप्पांनीं अंगणांत दोन विटांवर फळी ठेवून, तिच्या बाहेर आलेल्या टोकास पाण्याची कळशी टांगून दाखविली तेव्हां. मग त्यानें गाडीचें माहितीपुस्तक काढून पाहिलें. ओढण्याच्या भाराचा आकडा त्यांत नव्हता. शेवटीं एका सायकलीचें पुढचें चाक काढून, मागचें आसन पाडून, ती गाडीच्या आंत आली. दुसऱ्या सायकलीसाठीं पिंपळनेरच्या ओसरीवर कायमची जागा झाली. नानांना समाधान वाटलें तें गाडीची शोभा वांचल्याचें. आप्पांना वाटलें असेल तर त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं.

हा प्रश्न मोटारींपुरता नाहीं. खानदेशांतील जुन्या धाब्याच्या घरांवर आतां पाण्याच्या टाक्या चढूं लागल्या आहेत. हजार लिटरची टाकी भरली म्हणजे हजार किलो वजन त्या मातीच्या धाब्यावर आणि त्याखालच्या लांकडी सऱ्यांवर बसतें. ज्या सुतारानें तीं सरें टाकलीं त्यानें मातीचा भार, पावसाचें पाणी आणि उन्हाळ्यांत वर निजणारीं माणसें यांचा अंदाज घेतला होता. टाकीचें वचन त्यानें दिलें नव्हतें. घर आपलें, टाकी आपली, पाण्याची गरजहि खरी. तरी खालीं निजलेल्या लेंकराचा हिशेब टाकी चढविण्यापूर्वीं झाला पाहिजे. वाड्यावर मजला चढविणारा, यंत्राचा वेग वाढविणारा, चालत आलेल्या रीतींत फेरफार करणारा, या सर्वांस हाच नियम लागू आहे. वस्तूचा धर्म बदलण्याचा अधिकार मनुष्यास आहे; परंतु तो धनी असल्यामुळें त्यास मिळत नाहीं. नवें ओझें कोठें पडेल हें आधीं पाहून, त्याचें उत्तर देण्यास जो मागें थांबतो, त्यास तो मिळतो.